तिसऱ्या खांबाचा शेंदूर

मुंबई राज्याचं महाराष्ट्र होऊन दोन-तीन पावसाळे झाले असतील, तेव्हा मला नदीचं पाणी मोजायची नोकरी लागली. नोकरी खरं तर माझ्या नवऱ्याची. तो तापानं गेला आणि मलकापूरच्या ओव्हरसीअर साहेबांनी मला सांगितलं, "एक पावसाळा बघू. एक जरी नोंद चुकली तर तुमच्या दिराला घेऊ." दीर शेजारीच उभा होता. त्यानं मान खाली घातली ती हसू लपवायला, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. माझ्या पदरात तीन वर्षांची मुलगी होती. आम्हा दोघींची भाकर त्या नोकरीवर होती.

काम दिसायला सोपं. काठावर तीन लाकडी खांब, एक पाण्यात, दुसरा उतारावर, तिसरा पार वर. त्यांवर फुटांचे आकडे रंगवलेले. दिवसातून तीनदा पाणी कुठल्या आकड्याला लागलं ते वहीत लिहायचं, पूर आला की तासातासाला. तिसऱ्या खांबावर बारा फुटांना एक तांबडी रेघ होती. पाणी तिथं आलं की खालची वस्ती बुडणार. मी पोलीस पाटलांना कळवायचं, पाटलांनी कोतवालाला सांगायचं, कोतवालानं दवंडी द्यायची, असा तो सरकारी रस्ता. पाटील जेवण अर्धवट टाकून उठणाऱ्यांपैकी नव्हते.

माझं माहेर अमडापूरचं, म्हणजे घाटावरचं. घाटाखालच्या माणसांवर विश्वास ठेवू नको असं मला कोणी शिकवलं नव्हतं, ते मी आपोआप शिकले. नवरा गेल्यावर तर मला सगळ्यांच्याच चेहऱ्यामागे काहीतरी दिसायला लागलं. अशात त्या बायका आल्या.

खालच्या वस्तीतल्या सात-आठ माळणी. नदीकाठी त्यांच्या वांग्या-मिरच्यांच्या वाड्या होत्या. त्यांच्यात एक वयस्क होती, तिला सगळ्या मावशी म्हणत. पहिल्या आठवड्यातच तिनं मला न विचारता पाळ्या लावून टाकल्या. एकीनं दुपारी माझ्यासोबत काठावर बसायचं, एकीनं वरच्या वळणावर पाणी गढूळ झालं का ते बघायचं, आणि मावशीच्या सुनेनं माझी मुलगी सांभाळायची. मोबदला काही नाही. मी भाजीचे पैसे देऊ केले तर मावशी म्हणाली, "राहू दे बाई. तू तुह्यं काम कर."

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती इथं. फुकटात कोण कोणासाठी उन्हात बसतं? दिरानं यांना पेरलं असणार, माझी एखादी चूक पकडायला. मी डोळ्यात तेल घालून त्यांच्यावर नजर ठेवायला लागले. वही पदराखाली धरून लिहायची. कोणी विचारलं, "आज किती हाय वो पानी?" की म्हणायची, "आहे तितकंच." एकीनं दोनदा विचारलं, तेव्हा तिसऱ्या वेळी मी मुद्दाम चुकीचा आकडा सांगितला आणि दोन दिवस वाट बघितली, तो दिराच्या तोंडून बाहेर पडतो का म्हणून. पडला नाही. त्यावरून मी इतकाच अर्थ काढला की या फार हुशार आहेत.

मावशी हे सगळं बघत होती. एकदा तिनं सरळ विचारलं, "तुहा मालक रोज आमाले आकडा सांगे. तू काऊन नाही सांगत?"

"सरकारी वही आहे," मी म्हटलं. ती पदर खोचून वाडीकडे निघून गेली, आणि तिचं ते निघून जाणंही मला खटकलं.

आषाढातली गोष्ट. सकाळची नोंद घेऊन मी सहज वर नजर टाकली, तर तिसरा खांब लालभडक. दहा फुटांपासून वर जाड शेंदूर लिंपला होता, तेलात कालवलेला, हाताला चिकटणारा. आकडे गायब, तांबडी रेघ गायब. मधोमध पत्र्याचे दोन चकचकीत डोळे चिकटवलेले, खाली हळदीकुंकू, हिरवा खण आणि नारळ. आमच्या भागात नदीकाठच्या दगडांना साती आसरा, म्हणजे पाण्यातल्या देवी, मानून असा शेंदूर लावतात. त्या खांबाची कोणीतरी आसरा करून टाकली होती.

मी जळफळले. माझी नोकरी घालवायची याहून सोपी युक्ती काय? उद्या पूर आला तर मी वाचणार काय, शेंदूर? तिथंच वहीचा कागद फाडला आणि ओव्हरसीअर साहेबांना लिहिलं की खालच्या वस्तीतल्या बायका कोणाच्या तरी सांगण्यावरून सरकारी खांब खराब करतात, मला काम करू देत नाहीत, बंदोबस्त व्हावा. चिठ्ठी सकाळच्या एसटीच्या कंडक्टरजवळ दिली आणि मग खुरपं घेऊन खांब खरवडायला बसले.

एक फूट खरवडून झाला होता तेव्हा मावशी आली. मागे आणखी तिघी.

"हात नको लावू बाई तिले," ती म्हणाली.

"कोणी पाठवलं तुम्हाला? माझ्या दिरानं?"

मावशीनं माझ्याकडे बघितलं, जणू मी भलत्याच गावाचा पत्ता विचारला. "तुह्या दिराले आमी वळखतो बी नाही नीट."

"मग फुकट कायले करून राह्यल्या तुमी हे सगळं?" रागात माझ्या तोंडी त्यांचीच बोली आली.

"फुकट कोन म्हनते? नदी आमच्या घरात येते. तुह्या घरात येते का?"

माझं घर उंचावर होतं, शाळेच्या मागं. मी त्यांच्या हेतूचा शोध महिनाभर घेत होते आणि त्यांची घरं रोज माझ्या डोळ्यांसमोर होती.

मग तिनं सांगितलं ते मी आजवर विसरले नाही. त्यांच्यापैकी एकीलाही आकडे वाचता येत नव्हते. माझा नवरा रोज सांगायचा म्हणून त्यांचं चालायचं. मी सांगणं बंद केलं. तांबडी रेघ होती, पण बोटभर जाडीची, विटलेली, लांबून दिसत नव्हती. दोन वर्षांमागं माझा नवरा परगावी असताना पूर आला, तेव्हा पाटलांची दवंडी येईपर्यंत एकीची म्हातारी सासू वाहून गेली होती. मग त्यांनी बसून ठरवलं. बरोबर त्या रेघेवर देवीचे डोळे बसवायचे. उन्हात ते वस्तीतूनही चमकतात. "पानी डोळ्याले लागाच्या आंधी निघाचं, बस. कोनाले विचाराचं नाही, वाट पाहाची नाही." खण-नारळ काय, देवी केली म्हणून तिची ओटी भरली. त्याखाली माझे आकडे झाकले जातील हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. ज्याला आकडा वाचता येत नाही त्याच्या लेखी ती नुसती काळी नक्षी.

चिठ्ठी तोवर मलकापूरला पोचली असेल. तिच्याविषयी मी त्यांना सांगितलं नाही.

चार दिवसांनी दुपारी, आमच्याकडे ऊन असताना, वरच्या वळणावर बसलेली बाई ओरडत आली. पाऊस घाटावर पडला होता. पाणी बघता बघता दुसरा खांब गिळून तिसऱ्याला लागलं. अकरापर्यंतचे आकडे मी खरवडून मोकळे केले होते. त्यापुढे मी डोळे म्हणजे बारा धरून वितीनं अंदाज घेतला आणि वहीत लिहीत गेले. पाणी डोळ्यांच्या हातभर खाली असताना मावशीनं वस्ती रिकामी केली. पोरं, म्हातारी, शेळ्या, सगळं शाळेत. माझी मुलगी सुनेच्या कडेवर होती. पाटलांची दवंडी आली तेव्हा वस्तीत ऐकायला कोणी नव्हतं. चौदा घरं पडली, माणूस एकही गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी ओव्हरसीअर साहेब आले. हातात माझी चिठ्ठी. वही बघितली, तासातासाची नोंद बघितली, आणि खूश झाले. "इतका त्रास असून नोंदी पुऱ्या. शाब्बास." मग शेंदराकडे बोट करून विचारलं, "हे त्या बायकांनीच ना?"

इथं मला बोलता आलं असतं. त्या डोळ्यांनी वस्ती वाचली, हे सांगायला दोन वाक्यं पुरली असती. पण मग त्यांनी विचारलं असतं, आकडे झाकलेले असताना बाई, तुम्ही नोंद कशी केली? वितीनं? सगळी वही संशयात आली असती आणि दीर पुढं सरसावला असता. मी म्हटलं, "हो. त्यांनीच."

साहेबांनी खांब घासून घेतला, नवे आकडे रंगवले, भोवती काटेरी तार लावली, आणि बायकांनी तारेच्या आत पाऊल ठेवू नये अशी ताकीद पाटलांकडून दिली. मी नोकरीत पक्की झाले. साहेबांनी शेरा मारला होता की बाई सावध आहे. चिठ्ठी कोणी लिहिली ते ताकीद देताना पाटलांनी वस्तीत मोठ्यानं सांगितलं.

त्यानंतर कोणी माझ्याजवळ बसायला आलं नाही. मुलीला मी पाठीशी बांधून काठावर न्यायची. पुढच्या पावसाळ्यात मात्र मला राहवेना. पहिल्या गढूळ पाण्याच्या संध्याकाळी मी वही घेऊन खालच्या वस्तीत गेले. मावशी नव्या भिंतीला माती लावत होती. मी वही उघडी धरली आणि म्हटलं, "मावशी, आज सात फूट आहे. आता रोज सांगत जाईन."

तिनं हात पुसले. रागावली नव्हती, तेच जास्त वाईट होतं. वहीकडे बघितलं, मग माझ्याकडे, अगदी तशीच, जशी मी वर्षभरापूर्वी तिच्याकडे बघत होते.

"सांग बाई," ती म्हणाली, आणि सुनेला हाक मारली. "जाय वो, तारेपासून पाहून ये. खरं सांगून राह्यली का पाह्य."

त्या वर्षात सून शाळेतल्या पोरांकडून आकडे वाचायला शिकली होती. ती गेली, बघून आली आणि तिनं होकारार्थी मान हलवली. त्यानंतर मी रोज आकडा सांगत गेले, आणि मी नोकरी सोडेपर्यंत, म्हणजे सव्वीस पावसाळे, त्या घरातलं कोणी ना कोणी रोज माझ्यामागून नदीवर जाऊन स्वतः बघून येत राहिलं.