डब्याचे खरे आकडे

मार्लिस टोलेफसन भित्री होती आणि ते तिने कधी कुणापासून लपवलं नाही. तिला उंचीची भीती, पुलांची भीती, दुसऱ्यांच्या कुत्र्यांची भीती. अमेरिकेतल्या डॅरिंग्टन गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं तिने पोरांना मॅकरोनी वाढली, पण जत्रेतल्या पाळण्यात एकदाही बसली नाही. आणि नशीब बघा, नवरा मिळाला तो ऑरिन! डोंगरात कुणीतरी कडेकपारीत डबा लपवायचा, त्या जागेचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकायचे, बाकीच्यांनी हातात जीपीएस धरून तो हुडकायचा, आतल्या वहीत सही करायची आणि डबा होता तसा ठेवून परत यायचं. या खुळापायी ऑरिनने कॅस्केड डोंगरातली एक घळ सोडली नव्हती. आणि मार्लिस दर वेळी त्याच्या मागे. "घरी बसून भिण्यापेक्षा सोबत जाऊन भ्यालेलं बरं," असं ती म्हणायची. लग्नाला बत्तीस वर्षं झाली तरी यात फरक नव्हता.

हॅल्वर नीफचा डबा मात्र त्यांना तीन वर्षं चकवत होता. हॅल्वर हा गावातला म्हातारा, जन्मभर जंगलात लाकूड तोडलेला, आणि त्याचे डबे सगळे कोड्याचे. कोड्याच्या डब्याची रीतच अशी, की वेबसाइटवर दिलेले आकडे मुद्दाम खोटे असतात. ते नुसते शोभेला. कोडं सोडवाल तेव्हा खरे आकडे हाती लागणार, आणि ते शोभेच्या जागेपासून दोन मैलांच्या आत कुठेतरी असणार. डबे शोधणाऱ्या मंडळीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ऑरिनने अख्खा हिवाळा जेवणाच्या टेबलावर कागद पसरून कोडं फोडलं, खरे आकडे आपल्या जीपीएसमध्ये भरले, आणि सप्टेंबरातल्या एका सकाळी दोघं निघाले.

पायवाट तासाभरात संपली. पुढे काटेरी झुडपं, मग ओल्या शेवाळाचे दगड, मग पायाखालून सरकणारी खडी.

"ऑरिन, खाली बघू नको म्हणतोस, पण मग पाय कुठे ठेवू?"

"मी ठेवतोय तिथे ठेव. दीडशे फूट राहिले, मार्ली. आता रडू नकोस."

"रडत नाहीये. देवाचं नाव घेतेय."

डबा त्यांच्या डोक्यावर चाळीस पावलांवर असेल, तेव्हा ऑरिनच्या पायाखालचा दगड निसटला. तो घळीत दोन माणसांच्या उंचीएवढा खाली गेला. मार्लिस बसत, घसरत त्याच्यापाशी पोचली. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळला होता. जीपीएसचा चुरा झाला होता. तिच्या फोनला रेंज नव्हती.

"तू खाली जा," ऑरिन दात आवळून म्हणाला.

"एकटी?"

"इथे दुसरं कोण आहे?"

तिने आपला कोट त्याच्यावर घातला, पाण्याची बाटली हाताशी ठेवली आणि निघाली. निघताना आपण उभ्या आहोत ती जागा फोनमध्ये टिपून ठेवायला हवी होती, पण तिची पाचावर धारण बसली होती. ते सुचलंच नाही.

खाली उतरायला तिला तीन तास लागले. चढताना निदान ऑरिनची पाठ दिसत होती, आता समोर नुसती पोकळी. खडीवर ती बसून उतरली, ओढ्यावरच्या आडव्या ओंडक्यावरून रांगत गेली. मध्येच एका झाडाला मिठी मारून ती मोठ्याने म्हणाली, "मला नाही जमायचं." झाड काय बोलणार? तिने मिठी सोडली आणि पुढचं पाऊल टाकलं.

गाडी काढून रेंज मिळेल तिथवर ती हमरस्त्यावर आली आणि मदतीच्या नंबरला फोन लावला. फोनवरच्या बाईने विचारलं, "नेमकी जागा सांगता येईल का?" मार्लिसने फोनमध्ये डब्याचं पान उघडलं आणि वरचे आकडे वाचून दाखवले.

वीस मिनिटांत शेरीफचा डेप्युटी, म्हणजे गावचा पोलीस, रॉस्को विंडल आला. लहानपणी तिच्याकडून मॅकरोनी दोनदा मागून घ्यायचा तो. "मिसेस टोलेफसन, हेलिकॉप्टर निघालंय," तो म्हणाला. "पण चार वाजलेत. धुकं उतरतंय. तासाभराने वर काही दिसायचं नाही, आणि आज रात्री बर्फाचा अंदाज आहे. तुम्ही गाडीत बसा बरं."

ती बसली नाही. हेलिकॉप्टर आलं, नदी ओलांडली आणि डावीकडच्या कड्याकडे वळलं. मार्लिस बघत राहिली. ऑरिन उजवीकडे होता.

शोभेचे आकडे! बत्तीस वर्षं या माणसाबरोबर काढून तिने शोभेचे आकडे वाचून दाखवले होते.

"रॉस्को, मी चुकीची जागा सांगितली. तो उजवीकडे आहे, पण नेमका कुठे ते मला माहीत नाही."

"म्हणजे? तुम्ही तिथूनच आलात ना?"

"मी फक्त त्याच्या पायांकडे बघत होते रे!"

खरी जागा एक ऑरिनला ठाऊक होती, नाहीतर हॅल्वरला. हॅल्वरने आजवर कुणाला साधी खूणही सांगितली नव्हती, सख्ख्या भावालासुद्धा नाही. तिने फोन लावला.

"हॅल्वर, मार्लिस बोलतेय. तुझ्या कड्यावरच्या डब्याचे खरे आकडे सांग."

"वा वा! ऑरिनच्याने सुटेना म्हणून बायकोला पुढे केलं काय? त्याला म्हणावं, अजून तीन वर्षं डोकं खाजव."

"ऑरिन तिथे पडलाय, हॅल्वर. पाय मोडलाय. मी त्यांना शोभेच्या जागेवर पाठवलं."

म्हाताऱ्याने लगेच आकडे सांगितले, पाठ, एकेक करून, आणि न विचारता पुन्हा एकदा सांगितले. "तिथे लपवायला नको होता गं मी," तो म्हणाला. तोवर ती रॉस्कोला आकडे सांगू लागली होती.

रॉस्कोने आकडे वर कळवले. हेलिकॉप्टर वळलं, उजवीकडच्या धुक्याच्या काठाशी गेलं आणि दिसेनासं झालं. मार्लिसने रॉस्कोची बाही घट्ट धरून ठेवली. वायरलेसवर खरखर, मग एक आवाज: "माणूस दिसला." मग पुन्हा खरखर. जिवंत आहे का, हे विचारायचं तिला धाडस होईना. तिच्यासाठी रॉस्कोने विचारलं.

"आम्हाला शिव्या घालतोय," वरून उत्तर आलं.

तेव्हा कुठे मार्लिसने रॉस्कोची बाही सोडली.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात ऑरिनचा पाय टांगलेला होता. चेहरा राखेसारखा. ती खुर्ची ओढून बसली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली. "माझ्यामुळे तुला अर्धा तास जास्त पडून राहावं लागलं. काय बोलायचं ते बोल."

"ते हेलिकॉप्टर पलीकडच्या कड्यावर घिरट्या घालत होतं ना, ते मला दिसत होतं," तो म्हणाला. "मला वाटलं, तू वाट चुकून तिकडे गेलीस आणि पडलीस. मला वाटलं, तुला उचलायला आलेत."

"वेडा आहेस का?"

"माझ्या डोक्यावर आले तेव्हा मी त्यांना शिव्या दिल्या. आधी तिला घ्या म्हणालो. ते ऐकेनात."

भिण्याचं काम या घरात आपल्या एकटीचं, अशी मार्लिसची आजवर पक्की समजूत होती. तिने त्याचा हात हातात घेतला. तो गार होता आणि त्याची थरथर थांबता थांबत नव्हती.