पक्ष्यांसाठी, पक्षासाठी नव्हे

मंगळवारी सकाळी माझा नवरा वारला. बुधवारी आम्ही चिलिकाची तिकिटं काढणार होतो.

बेत त्याचा होता. स्लीपरनं भुवनेश्वर, तिथून एसटीसारखी जी मिळेल ती बस, सरोवराच्या काठच्या गावात कुणाच्या तरी घरी मुक्काम, आणि पहाटे बांबूनं ढकलायची नाव. इंजिनाची नको, आवाजानं बदकं उडतात. जायचं माघात, ती उत्तरेकडे परतायच्या आधी. पैठणच्या नाथसागरावर आम्ही दोघांनी एका दुर्बिणीत वीस हिवाळे काढले होते. हे एकदा त्याला बघायचं होतं.

वर्ष गेलं. वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी मी करमाडला धाकट्या दिरांना फोन केला. रेल्वेचं त्यांना कळतं. म्हटलं, "भाऊजी, मला पक्ष्यांसाठी ओडिशाला जायचंय. स्वस्तात बसवा."

"लई चांगलं केलं वहिनी, मनावर घेतलं," ते म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला होता. मला जरा नवल वाटलं, पण बरंही वाटलं.

आठवड्यानं ते कागद घेऊन आले. गया, काशी, पुरी. माणसं अकरा. सोबत गुरुजी आणि आचारी. महिना भाद्रपद.

"भाऊजी, हे काय आहे?"

"तुम्हीच तर म्हणाल्या, पक्षासाठी जायचं. म्हटलं पित्रांत गयेलाच पिंडदान करू. मोठ्या आत्याबाई पण येतो म्हणल्या."

"पक्ष्यांसाठी म्हटलं मी. पक्षी. पंख असलेले."

त्यांनी कागद खाली ठेवले. "आता वहिनी, वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी कुणी पक्षी म्हणतं का?"

मग ते मला समजावू लागले. चिलिकाही टाकलंय, अर्धा दिवस, डॉल्फिन दाखवतेत. भाद्रपदात तिथं बदकं नसतात, हे मी चार वेळा सांगितलं. चारही वेळा ते म्हणाले, "पाणी तर असतं ना."

शेवटी त्यांना घेऊन मी औरंगपुऱ्यातल्या बुकिंगवाल्याकडे गेले. टेबलामागच्या चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "अरे भाई, मॅडम परिंदे बोल रहे! ते थंडीत येतात. तुम्ही त्यांना गयेला कुठं नेता?" पंधरा दिवसांत मला काय हवंय ते एका माणसाला कळलं होतं, आणि तेही दुसऱ्या भाषेत.

यादीतून माझं नाव काढलं. दोन्हीकडे जाणं मला परवडणार नव्हतं. बाहेर रस्त्यावर भाऊजी चिडून म्हणाले, "मग दादाचं पिंड कोण देणार?"

"तुम्ही द्या. तुम्ही भाऊ आहात."

"आणि तुम्ही बदकं बघा," ते म्हणाले. मी हो म्हटलं.

भाद्रपदात ते दहा जण जाऊन आले. भाऊजी प्रसाद देऊन गेले, आत बसले नाहीत. आत्याबाई अजून माझा फोन घेत नाहीत.

माघात मी चिलिकाला जाते आहे. नावाड्याशी बोलणं झालं आहे. माणूस एक असला तरी नाव पूर्ण घ्यावी लागते.