उधाणात हुकलेल्या तारखा

पेण सोडले तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते. मी वैद्यकीय महाविद्यालयात शिकवतो. रुग्णांनी आपल्या आजाराची हकिकत स्वतः वर्गात सांगावी, असा तास आम्ही यंदा सुरू करत आहोत. त्याचे पहिले आमंत्रण हिराबाईंना द्यायचे होते. मधुमेहामुळे त्यांच्या डाव्या पायाची जखम भरत नव्हती; एक बोट काढावे लागले होते आणि दुसरे धोक्यात होते. सोबत माझी विद्यार्थिनी श्रुती होती. रोह्याच्या एका दवाखान्यात काम शिकताना तिनेच हिराबाईंच्या कागदावर ‘रुग्ण हलगर्जी, तारखा पाळत नाही’ असा शेरा लिहिला होता.

गडब गावापाशी महामार्ग सोडून खाडीकडे वळलो. भाताची कापणी आटोपली होती. गाडी पुढे जाईना, म्हणून बांधावरून चालू लागलो आणि पहिल्याच वळणावर माझा उजवा बूट चिखलात रुतला. तो हातात घेऊनच दारात पोहोचलो.

“आधी पाय धुवा, मंग शिकवा,” हिराबाई म्हणाल्या. मग त्यांनी श्रुतीला निरखले. “तूच ना गो ती, माझ्यावर वरडलेली?”

“हो मावशी, मीच. चार तारखांना तुम्ही आलाच नाहीत.”

“कशी येनार? त्या दिसांत उधाण (मोठी भरती) व्हतं. बांधाला खांड (भगदाड) पडली का घरटी एक मानूस मातीची पाटी घेऊन जातो; माझ्या घरात मी एकलीच. खारं पानी शेतात शिरलं तं भात नाय.”

“मग दुसऱ्या दिवशी यायचं.”

“आल्ते की! खिडकीवरचा बोल्ला, तुमची तारीख काल व्हती.”

मी भिंतीवरची दिनदर्शिका उतरवून मांडीवर घेतली आणि त्यांना तारखा विचारत गेलो. पायाला जखम झाली ती अमावास्येच्या उधाणात, बांधावरच. दुसऱ्या दिवशी त्या दवाखान्यात गेल्या. तिथून पुढे दर पंधरा दिवसांनी, म्हणजे पाळीपाळीने पौर्णिमेला आणि अमावास्येला. आम्ही डॉक्टरांनी दिलेली प्रत्येक तारीख उधाणात पडली होती, आणि जखम दाखवायच्या दिवशी त्या चिखलात उभ्या होत्या. श्रुतीने ती पाने उलटून तारखा दोनदा मोजल्या.

“खा गो,” तिच्या ताटात दुसरी तांदळाची भाकरी आणि सुकट वाढत हिराबाई म्हणाल्या, “माझ्यावरचा राग जेवनावर नको.”

आमंत्रणाला मात्र त्यांनी नकार दिला. “आधी बोट वाचू दे. तेपन गेलं तं पोरांना काय शिकवू?”

त्या दिवशी सप्तमी होती. भांगाचे (कमी भरतीचे) दिवस, त्यामुळे त्या मोकळ्या होत्या. नागोठण्यावरून आम्ही त्यांना रोह्याच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी पट्टी सोडली, जखम तपासली. “हाड शाबूत आहे. बोट वाचेल, पण पंधरा दिवस चिखलात पाय नको.”

“आठ दिसांवर पुनव हाय,” हिराबाई हळूच म्हणाल्या. “माझी पाटी कोन उचलील?”

“मी उचलीन,” श्रुती म्हणाली.

“तू? साहेबांचा बूट बघितलास ना?”

“बूट घालणारच नाही.”

त्या पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या. “बरं. पुनवेला घरटी मानूस मोजतील, तवा माझ्या नावावर उभी ऱ्हा. मंग मी येते तुमच्या वर्गात. पन भांगाला.”

कुंडलिका नदीवरचा पूल ओलांडून त्यांना पलीकडच्या अष्टमी गावात बहिणीकडे सोडले. पंधरा दिवस त्या तिथेच राहणार होत्या.

परतीच्या वाटेवर श्रुती पौर्णिमेच्या भरतीची वेळ लिहून घेत होती. औषध किती दिवस घ्यायचे, हे आम्ही विद्यार्थ्यांना नीट शिकवतो. त्या दिवसांत रुग्णाच्या जागी कोण उभे राहील, हे विचारायला मात्र आजवर मी कोणालाच शिकवलेले नाही.