बहिणीची ना-हरकत

“रेशनकार्डावर मुलगी आहे! एकच मुलगी! तू कुठायस ह्यात? सांग ना, तू कुठायस?”

सेक्रेटरीकाका आईचं जुनं रेशनकार्ड झेंड्यासारखं हलवत ओरडत होते. त्या आवाजाने चिंचपोकळीच्या पुलावरची कबुतरं उडाली ती थेट वडाळ्याला जाऊन बसली, हे मी शपथेवर सांगतो. रविवारची सकाळ, चाळीच्या पटांगणात प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि खुर्च्यांत अख्खी चाळ. चाळ पाडून टॉवर होणार होता आणि नव्या घरांना कोण पात्र याची छाननी चालली होती. खोली आईच्या नावावर, आई वर्षापूर्वी गेलेली, वारस म्हणून मी उभा.

“ती बहीण हो काका. दुबईची.”

“मग आण तिला दुबईहून! तिने इथे उभं राहून सांगू दे, हा माझा भाऊ, माझी हरकत नाही. नाहीतर खोली विसर.”

“येताना खजूर आणायला सांग रे!” खुर्च्यांतून कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. मीही हसलो, सगळ्यांपेक्षा मोठ्याने.

दुबईला माझं कुणी नव्हतं. रेशनकार्डावरची ती मुलगी मीच. मला माझ्याकडूनच ना-हरकत आणायची होती.

मी वाढलो अँटॉप हिलच्या सरकारी क्वार्टर्समध्ये, फ्रॉकात आणि रडत. ही खोली आईच्या वडिलांची, गिरणीच्या काळातली, पुढे आईच्या नावावर झालेली. वडील गेल्यावर आम्ही दोघं इथे राहायला आलो तेव्हा मला चांगली दाढी होती. पहिल्याच दिवशी जिन्यात एकीने आईला विचारलं, “तुला मुलगी होती ना गं?” आई गांगरली. म्हणाली, “ती दुबईला असते. हा धाकटा.” आयुष्यात तिने मारलेली ही एकच थाप. तिने एक वीट ठेवली, मी त्यावर सात वर्षं मजले चढवत राहिलो. बहीण आधी नर्स झाली, मग मेट्रन. मग तिने दातांच्या डॉक्टरशी लग्न केलं. त्या डॉक्टरने एका शेखाची अक्कलदाढ काढली, शेखाने खूश होऊन उंट दिला. उंट बाल्कनीत मावेना म्हणून परत केला, तर शेख रुसला. गणपतीत लोक मला गाठून विचारायचे, “शेखाचा राग गेला का रे?” मला कधीकधी तिचा हेवाच वाटायचा. तिच्याकडे कुणी कागद मागत नव्हतं.

कागद माझ्याकडे होते. मी पुरुष असल्याचं जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र होतं, नाव बदलल्याचं राजपत्राचं पान होतं. ते मिळवताना मी इतक्या टेबलांसमोर उभा राहिलो की ती टेबलं ओळीने मांडली तर सावंतवाडी गाठतील. एका टेबलामागच्या बाईंनी माझ्या ऑपरेशनचा कागद मोठ्याने वाचला, रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जावा असा. कायदा म्हणतो, माणूस स्वतःला जो म्हणतो तो तो आहे, आणि त्याचं खासगी आयुष्य त्याचं आहे. पण कायद्याचा आवाज त्या बाईंपेक्षा बारीक आहे. सगळं हातात आल्यावर मी ते फरसाणाच्या डब्यात घातलं, डबा माळ्यावर ठेवला आणि त्याच्यावर गणपतीचं मखर.

आता डबा खाली काढला की खोली माझी. पण मध्ये बोर्ड होता.

जिन्याखाली, नळाच्या शेजारी, काचेचा. पात्रतेसाठी दिलेला प्रत्येक कागद पंधरा दिवस तिथे लागतो, ज्याची हरकत असेल त्याने नोंदवावी. दोन वर्षांपूर्वी एकाने खोटा पुतण्या घुसवायचा घाट घातला तेव्हा हा ठराव झाला. ठराव मांडणारा सभेत असा गरजला होता की वरच्या मजल्यावरचे पापड खाली आले. “कागद लपवतो तो चोर!” टाळ्या पडल्या होत्या. वक्ता कोण ते सांगतो, घाई नको.

नळावर पाणी भरायला सगळी चाळ येते. म्हणजे हंडा भरेपर्यंत वाचायला माझं शाळेतलं नाव, त्याखाली आत्ताचं नाव, आणि मधल्या ओळीत माझं सगळं शरीर.

ती मुलगी म्हणजे मीच, अशा प्रतिज्ञापत्रावर जुन्या भाडेकरूची साक्ष लागते, म्हणून आधी कोपऱ्यावरच्या काकीकडे गेलो. काकी चाळीत सगळ्यांत जुनी. सुकट निवडत बसली होती.

“काकी, एक सांगायचं होतं. ती दुबईची आहे ना...”

“कोण दुबईची?” काकीने मान वर केली नाही. “तुझ्या आवशीचा बाळंतपण ह्याच चाळीत झाला. बारशाक पाळणो मियाच हलयलो. एकच पाळणो, एकच पोर. दुसरा खंयसून इला?”

मी तिच्यासमोर जमिनीवरच बसलो.

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“उंट बरो होतो,” काकी म्हणाली.

तिने सही केली. पेन परत देताना माझा हात जरा धरून ठेवला. “माका ठावक आसणा येगळा, झिला. बोर्डार लागणा येगळा.” झील म्हणजे मुलगा. ती ते किती सहज म्हणाली, हे मला खोलीत परत आल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बंद पाकीट घेऊन सेक्रेटरीकाकांकडे गेलो. “काका, तुम्ही आणि कमिटीतले दोघं बघा. बोर्डावर नको. पाया पडतो.” मीठमसाला न लावता बोलायची सवय नाही, त्यामुळे आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला.

काकांनी कागद दोनदा वाचले. चष्मा पुसला, पुन्हा वाचले. मी त्यांच्या हसण्याची वाट बघत होतो, ते हसले नाहीत.

“म्हणजे दुबईला कोणी नाही.”

“नाही.”

“उंट?”

“नाही.”

त्यांनी यादीत माझ्या खोलीसमोर ‘पात्र’ लिहिलं, खाली सही केली. मग ड्रॉवरमधून टाचण्यांची डबी काढून कागदांवर ठेवली.

“काका, बोर्ड...”

“ठराव आहे.”

“ठराव बदलता येतो ना! हे माझं खासगी आहे काका. मला इथेच राहायचंय. ह्याच लोकांबरोबर त्या टॉवरात जायचंय.”

काकांनी सभेची वही ओढली, पानं उलटली आणि ‘सूचक’ या शब्दापुढे बोट ठेवलं. सही ऐटदार होती, खाली दोन रेघा मारलेल्या. टाळ्या चालू असतानाच केली होती मी ती.

“पंधरा दिवस,” काका म्हणाले. “सगळ्यांचेच लागतात.”