चर्चचा मनोरा वाकला तेव्हा

ईरा आणि निहार,

तुमच्या आईला हे सगळं गेल्या हिवाळ्यापासून माहीत आहे. तुम्हाला सांगू नको, असं मीच तिला म्हटलं होतं. मुलं लहान आहेत, उगाच घाबरतील, असं वाटलं. पण मागच्या रविवारी आपण कॉलवर आपल्या मालिकेचा भाग बघत होतो, तेव्हा ईरा मध्येच उठून गेली आणि स्वयंपाकघरात आईला म्हणाली की आजी आता माझ्याकडे बघतच नाही, तिला माझा कंटाळा येतो. मेलबर्नच्या स्वयंपाकघरातलं बोलणं इथे जर्मनीत, डार्मश्टाटला स्वच्छ ऐकू येतं. म्हणून आज सांगायला बसले आहे. मी बोलते, टॅब्लेट लिहून घेतो, चुका तुमची आई सुधारेल आणि तुम्हाला वाचून दाखवेल. निहारने इंजेक्शनचा भाग तेवढा ऐकला तरी चालेल.

मला आजार कळला त्या दिवशी डॉक्टरबाईंनी त्यांचा स्क्रीन माझ्याकडे वळवला. आधी ओसीटी नावाची तपासणी झाली होती. ओसीटी म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा उभा छेद दाखवणारा फोटो. हनुवटी टेकवायची आणि समोरच्या फुलीकडे बघायचं, दुखत काही नाही. स्क्रीनवर खारी बिस्किटासारखे एकावर एक थर दिसत होते आणि मध्येच एक फुगवटा होता, पोळीला फोड यावा तसा. तिथे बोट ठेवून त्या म्हणाल्या, हे पाणी आहे, हे इथे असायला नको.

आजाराचं नाव एज रिलेटेड मॅक्युलर डीजनरेशन. म्हणजे वयामुळे डोळ्याच्या पडद्याच्या अगदी मधल्या ठिपक्याची होणारी झीज. तो ठिपका अगदी लहान असतो, पण त्यानेच आपण वाचतो, सुई ओवतो आणि माणसांचे चेहरे ओळखतो. माझ्या डाव्या डोळ्यात त्या जागी व्रण झाला होता, त्यावर काही करण्यासारखं उरलं नव्हतं. उजव्यात पाणी नुकतंच झिरपायला लागलं होतं. ते थोपवायला इंजेक्शन होतं.

मी विचारलं, मी आंधळी होणार का?

"पूर्ण अंधार होणार नाही," त्या म्हणाल्या. "मधलं जाईल. कडा राहतील."

इथले डॉक्टर गोड करून सांगत नाहीत. मी आभार मानले, कोट घातला आणि ट्रामच्या थांब्यावर जाऊन उभी राहिले. दोन ट्राम गेल्या. पाटीवरचा आकडा दिसत होता, तरी चढले नाही. घरी जाऊन हे कुणाला सांगायचं, ते ठरत नव्हतं.

उशीर कसा झाला, तेही सांगते.

आपली मालिका मी ईरा जन्मायच्या आधीपासून बघते. इंग्लंडमधलं खेडं, टेकडीवर मोठा बंगला, खाली चर्च, पोस्ट आणि एक चहाचं दुकान. जर्मन टीव्हीवर ती सगळी माणसं जर्मन बोलतात. पाद्री जर्मन बोलायला लागला की तो धर्मगुरू न वाटता तिकीट तपासनीस वाटतो, म्हणून मी मूळ इंग्रजी आवाज लावते. एका रविवारी त्या चर्चचा मनोरा मध्येच वाकलेला दिसला. वर सरळ, खाली सरळ, मध्ये कंबरेत वाकल्यासारखा. मला वाटलं, टीव्ही बिघडला. मी केबल काढून परत लावली, उजेड कमी-जास्त केला, आणि पुढचे कित्येक आठवडे वाकडा मनोरा तसाच बघत राहिले. शेवटी वरच्या मजल्यावरच्या फ्राऊ लिंडनरना, म्हणजे लिंडनरबाईंना बोलावलं. त्यांनी पाच मिनिटं मालिका बघितली.

"टीव्ही ठीक आहे," त्या म्हणाल्या. "मनोराही ठीक आहे. तुम्ही डॉक्टरकडे जा."

त्या रात्री न्हाणीघरात एकेक डोळा झाकून बघितलं. उजव्याने फरशांच्या रेषा लाटांसारख्या दिसत होत्या. डाव्याने बघितलं तर मधली फरशीच नव्हती, तिथे करडा डाग होता. किती दिवस नव्हती कोण जाणे. उजवा डोळा इतके दिवस मुकाट्याने दोघांचं काम करत होता. तुमच्या मित्रमैत्रिणींच्या आजी-आजोबांना सांगा, एकेक डोळा झाकून दाराची चौकट बघत जा. दोन्ही डोळे उघडे असले की एकाची चोरी दुसरा लपवतो.

इथे डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ मिळायला महिने लागतात. फ्राऊ लिंडनरनी माझ्यासमोर फोन लावला आणि नोटफाल, म्हणजे तातडीचं आहे, हा एकच शब्द तीनदा म्हटला. दुसऱ्या दिवशीची वेळ मिळाली.

आता निहारसाठी इंजेक्शन. ते डोळ्यातच देतात. आधी बधिर करणारे थेंब घालतात, मग डोळ्याभोवती पिवळं औषध लावतात, चेहऱ्यावर कापड टाकतात, त्याला एका डोळ्यापुरतं भोक असतं. पापण्या मिटू नयेत म्हणून चिमटा लावतात. वर बघा म्हणतात, आणि बोटाने दाबल्यासारखं वाटतं. झालं. नंतर एक-दोन दिवस डोळ्यात काळे फुगे तरंगतात, माशाच्या भांड्यात असल्यासारखे. भीती वाटते ती आधी, खुर्चीवर बसून नाव पुकारायची वाट बघताना.

मला सगळ्यात कठीण गेला तो त्याही आधीचा प्रश्न. काउंटरवरची बाई विचारते, बेग्लाइटपेर्झोन कोण? म्हणजे सोबत कोण आलं आहे, घरी कोण नेणार? पहिल्या काही वेळा फ्राऊ लिंडनर आल्या. मग त्या मुलाकडे हॅम्बुर्गला कायमच्या राहायला गेल्या. त्यानंतर मी सांगायचे, टॅक्सी. ती बाई म्हणायची, टॅक्सी ही व्यक्ती नाही. तिचंही बरोबर होतं. मग ती स्वतःच टॅक्सी बोलवायची आणि ड्रायव्हरला दारापर्यंत पोहोचवायला सांगायची.

अशाच एका इंजेक्शनच्या संध्याकाळी मी मालिकेतला पोस्टवाल्या बाईंच्या न्यूमोनियाचा भाग लावला. ईरा, तुला आठवेल. अख्खं गाव त्यांच्यासाठी सूप घेऊन येतं. इतकं सूप प्यायलं तर धडधाकट माणूसही आजारी पडेल. पाद्री वाचून दाखवतो, बंगल्यातल्या मोठ्या बाई स्वतः पडदे सरकवतात, डॉक्टर सायकलवरून येतो. मी डोळ्यावर पट्टी लावून सोफ्यावर पडले होते, समोर दुपारचा वरणभात. मी हसले, आणि मग टीव्ही बंद केला.

तू मला एकदा विचारलं होतंस की आजी, तुला हे एवढं का आवडतं, तिथे तर काहीच घडत नाही. तेव्हा मी चहाचे कप सुंदर असतात असं काहीतरी सांगितलं. खरं उत्तर दोन भागांत आहे.

मिरजेच्या शाळेत आम्ही इंग्रजी धडे पाठ करायचो. त्यांत हेज होतं, मेडो होतं, व्हिकर होता, स्कोन होते. शब्दांची स्पेलिंगं बिनचूक येत होती, पण यातली एकही वस्तू मी बघितली नव्हती. हेज म्हणजे निवडुंगाचं कुंपण, असं मी धरून चालले होते. साठी ओलांडल्यावर टीव्हीने एकेक वस्तू आणून दाखवली: हेज म्हणजे कापलेल्या झुडपांचं कुंपण, मेडो म्हणजे कुरण, व्हिकर म्हणजे गावचा पाद्री, स्कोन म्हणजे चहाबरोबरचे छोटे गोडसर पाव. लहानपणापासून नुसती नावाने माहीत असलेली माणसं एकदाची दारात यावीत, तसं वाटलं. माझे वडील इंग्रजांच्या तुरुंगात जाऊन आलेले, आणि त्यांनीच हट्टाने मला त्या शाळेत घातलेलं. तुमचे आजोबा मला चिडवायचे.

"त्यांना घालवायला तुझ्या वडिलांची उमेदीची वर्षं गेली," ते म्हणायचे, "आणि तू त्यांना दर रविवारी चहाला घरी बोलावतेस."

मी म्हणायचे, अहो, चहा आपलाच आहे, ते नुसते पितात.

इंग्लंड इथून विमानाने दीड तासावर आहे. तिकडे जायचं आम्ही दर उन्हाळ्यात ठरवायचो. गेलो नाही.

दुसरा भाग आजोबा गेल्यानंतरचा आहे. त्या खेड्यात एका घराचा पडदा सकाळी उघडला नाही, तर दहा वाजेपर्यंत तीन जण दार ठोठावतात. बाकी सगळं मला खोटं वाटतं, ते स्वच्छ रस्ते, ते कधीच चिखल न लागणारे झगे. नोकरांचं हसणं तर फारच खोटं. पण त्या ठोठावण्यासाठी मी दर रविवारी बसायचे.

इंजेक्शनांनी उजव्या डोळ्यातलं पाणी ओसरलं, पण मधला ठिपका पूर्वीसारखा झाला नाही. चेहरे गेले. माणूस समोर येतो, केस दिसतात, खांदे दिसतात, चेहऱ्याच्या जागी कुणीतरी ओल्या बोटाने पुसल्यासारखं असतं. मालिकेतही तेच. ईरा, तू म्हणायचीस, आजी बघ, ती कशी बघतेय त्याच्याकडे! मी हो हो म्हणायचे. मला दोन टोप्या दिसत होत्या.

डॉक्टरबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी मला प्रशिक्षण देणाऱ्या एका बाईंकडे पाठवलं. याला एक्सेंट्रिक व्ह्यूइंग म्हणतात. म्हणजे जे बघायचं त्याच्याकडे सरळ न बघता थोडं बाजूला बघायचं, म्हणजे पडद्याचा शाबूत राहिलेला भाग कामाला लागतो. त्यांनी मला समोरच्या चेहऱ्याभोवती घड्याळ आहे अशी कल्पना करायला सांगितली. बाराकडे बघा, चेहरा येतो का? एककडे बघा. मी दोनकडे बघितलं आणि त्यांचं नाक, चष्मा आणि हनुवटीवरचा तीळ, सगळं हळूहळू आलं. पुसट, पण आलं.

"गेनाऊ," त्या म्हणाल्या, म्हणजे अगदी बरोबर. "तुमचं घड्याळ दोनवर आहे. आता सवय करा."

ही सवय मला फार अवघड गेली, आणि त्याला कारण आहे. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा मोठ्यांशी बोलताना मान खाली घालायचे, तसंच वळण होतं. आजोबांच्या ऑफिसच्या पहिल्या पार्टीत मी फळांच्या रसाचा ग्लास सगळ्यांच्या ग्लासला लावला आणि ग्लासकडेच बघत राहिले. इथे ग्लास लावताना एकमेकांच्या डोळ्यांत बघतात. न बघणं म्हणजे अपमान. एका बाईंनी माझा ग्लास अडवला आणि मी वर बघेपर्यंत सोडला नाही. घरी येताना आजोबा म्हणाले, "अगं, इथे नजर चुकवली की माणसाला वाटतं आपण त्याला टाळतोय." डोळ्यांत बघायला शिकायला मला काही वर्षं लागली. मग ते इतकं अंगात मुरलं की मिरजेला गेले की मावश्या म्हणायच्या, ही आता टक लावून बघते.

आणि आता या वयात, कष्टाने शिकलेलं सगळं सोडून, पुन्हा बाजूला बघायचं. बेकरीतली बाई माझ्याशी हल्ली तुटक बोलते. मी तिला अजून सांगितलेलं नाही. मालिकेतल्या मोलकरणी बंगल्यातल्या मोठ्या बाईंसमोर उभ्या राहतात तेव्हा त्यांच्या कानापलीकडे कुठेतरी बघतात, तू बघितलं असशील. त्यांना पूर्वी मी बिचाऱ्या समजत होते. आता एखाद्या प्रसंगात चेहरा शोधताना मीही तिथेच बघते. दोनच्या जागी बहुतेक वेळा एखादं पीस किंवा टोपीची कड असते. टोप्यांचा अभ्यास माझा चांगला झाला आहे.

दवाखान्याच्या खोलीत मला बरं वाटतं, हे सांगायला विचित्र वाटेल. इथे वेटिंग रूममध्ये शिरणारा प्रत्येक जण सगळ्यांना मिळून गुटन मॉर्गन, म्हणजे सुप्रभात, म्हणतो, आणि बसलेले सगळे उत्तर देतात. मग कुणी बोलत नाही. आम्ही बरेचसे एकमेकांच्या कानांकडे आणि खांद्यांकडे बघत बसतो, आणि कुणाला राग येत नाही. मागच्या खेपेला मला सर्दीमुळे तारीख बदलावी लागली होती. पुढच्या आठवड्यात मी गुटन मॉर्गन म्हटलं, तेव्हा खिडकीजवळचे म्हातारे गृहस्थ माझ्या आवाजाच्या दिशेने वळले.

"गेल्या आठवड्यात तुम्ही नव्हतात," ते म्हणाले.

एवढंच. त्यांचं नाव मला माहीत नाही. मी सर्दी झाली होती म्हणाले, आणि ते पुन्हा खिडकीकडे वळले. टॅक्सीत बसल्यावर मला रडू आलं. ड्रायव्हरला वाटलं डोळा दुखतोय.

डॉक्टरबाई म्हणतात, उजवा डोळा सध्या स्थिर आहे. स्थिर म्हणजे बरा नव्हे. इंजेक्शनं चालू राहतील. पुढे किती राहील ते त्या सांगत नाहीत आणि मी आता विचारत नाही.

तर ईरा, मागच्या रविवारचं. तू उठून गेलीस तेव्हा मी स्क्रीनच्या कोपऱ्याकडे बघत होते, हे खरं आहे. सरळ बघितलं असतं तर तू नसतीस. तुझ्या डाव्या कानाच्या वर, जिथे तू पिवळी क्लिप लावतेस, तिथे मी बघते तेव्हा खाली तुझा चेहरा येतो. तुझा समोरचा दात अर्धा आला आहे, हे मी तिथूनच बघितलं. क्लिप लावत जा, मला जागा लवकर सापडते. निहार, तू हलत असतोस, तुझा कान सापडेपर्यंत तू गेलेला असतोस. थोडा वेळ बस.

मालिकेत कोण कुणाकडे कसं बघतं, ते ईरा, यापुढे तू मला सांगायचंस. मी हो हो म्हणणार नाही, विचारेन.

मधलं गेलं आहे. आवाज सगळे आहेत, रंग आहेत, कडा आहेत. आणि तुझ्या कानाकडे बघितलं की तू अजून दिसतेस.

आजी