आवाज मागे, विमान पुढे

सासूबाई पाहुण्यांना माझी ओळख करून देतात ती अशी, "सून दिवसभर जागेवर उभं विमान पळवते न् सांजच्याला बसला लोंबकळत घरी येते." यात खोटं काही नाही. ओझरकडे विमानदुरुस्तीच्या कारखान्यात मी मॅकमीटर तपासते. आवाजाच्या तुलनेत विमान किती वेगात आहे, हे सांगणारी ती तबकडी. काटा एकावर आला की विमान आणि आवाज बरोबरीत. एकाच्या वर गेला की विमान पुढे, आवाज मागे. त्यात आवाजाचाही वेग सगळीकडे सारखा नसतो. उंचावरच्या गार हवेत तो मंदावतो, त्यामुळे विमानाचा वेग तोच असला तरी तिथे आकडा वाढतो. आम्ही विमान हलवतही नाही. समोरून घुसणाऱ्या हवेचा दाब एका नळीत, आजूबाजूच्या हवेचा दुसऱ्या नळीत, आणि दोन्ही दाब आम्ही पंपाने तयार करतो. मग पंप बंद करून काट्याकडे गप्प बघत बसायचं. काटा ढळला तर कुठेतरी नळी गळतेय. तेव्हा सही करायची नाही, कोणी कितीही घाई करो.

घर आमचं आडगावच्या शिवारात. झेंडू आणि शेवंती करतो. माल घेऊन नदीकाठच्या फुलबाजारात जायचं काम सासऱ्यांचं. त्यांना आम्ही दादा म्हणतो. यंदा नवऱ्याने ठरवून टाकलं, की दसऱ्यापासून व्यापारी बांधावरूनच माल उचलेल, दादांनी घरी आराम करायचा. त्या दिवसापासून दादांच्या ताटात अर्धी भाकरी उरायला लागली. बाजार हाच त्या माणसाचा जीव होता.

सुट्टीच्या दिवशी मी फुलं तोडायला गेले होते. वरून जेट गेलं. तोडणाऱ्या बायांनी माना वर केल्या आणि नेहमीसारख्या फसल्या. आवाज येतो तिथे आभाळ रिकामं, विमान केव्हाच पुढे गेलेलं. हे पोटापाण्यासाठी शिकलेली मीही फसले, कारण मान आवाजाकडेच वळते. दादा मात्र नेमके विमानाकडे बघत होते.

"दादा, तुम्ही पायलट व्हायचं सोडून झेंडू काय लावत बसलात!" मी मागून म्हटलं. ते हसले नाहीत. पुन्हा मोठ्याने म्हटलं, तरी नाहीत.

थोड्या वेळाने दुसरं जेट आलं. या वेळी मी आभाळाकडे बघितलंच नाही, दादांकडे बघितलं. आवाज आला तरी त्यांची मान खाली. बायांची तोंडं वर गेलेली दिसली, तेव्हा त्यांनी मान उचलली आणि सबंध आभाळ शोधून विमान गाठलं. त्यांना फसवायला आवाजच नव्हता.

मी जाऊन त्यांच्या समोर बसले आणि हळू विचारलं, "कधीपासून?"

माझ्या ओठांकडे बघून त्यांना कळलं. "लय दिस झाले. त्याला सांगू नको, पोरी. आधीच मला घरी बसवाया निघालाय. बाजार सुटला तर मी कुनाला हवाय?"

मला भडभडून आलं. सांगेन म्हणवेना, सांगणार नाही असंही म्हणवेना. "भाव कसा करता मग?" एवढंच विचारलं.

"उद्या चल संगं."

बाजारात नुसता कालवा, मलाच काही ऐकू येईना. एक व्यापारी आला, त्याने आमची शेवंती हुंगली आणि दादांच्या खांद्यावरचा टॉवेल ओढून त्याखाली त्यांचा हात धरला. बोटं दाबली गेली. दादांनी मान हलवली, पुन्हा बोटं दाबली, सौदा झाला. बैलबाजारातली जुनी रीत, भाव तोंडाने नाही, दाबलेल्या बोटांच्या आकड्याने सांगायचा. "आख्ख्या लाईनीला ठाव हाय, ताई," व्यापारी मला म्हणाला. "दादांसाठी आम्ही समदे शिकलो. भाव पाडून देत नाय म्हातारा!" मला हसू आलं आणि घरच्यांचा, त्यात माझाही, संतापही आला. आम्ही दादांना विचारायचो काय, तर "जेवलात का?" त्याला मान हलवली की भागत होतं.

परतताना मी दादांना समोर बसवून म्हटलं, "मी सांगणार. पण तुमच्यासमोर, तुम्हाला दिसेल असं."

संध्याकाळी ओट्यावर सगळं सांगितलं, ऐकू येत नाही तेही आणि बाजाराचंही. बोलताना तोंड दादांकडेच ठेवलं. दादा दोन्ही हातांनी ओट्याची कड धरून बसले होते.

नवरा म्हणाला, "मी रोज त्यांच्याशी बोलत होतो, ते?"

"तुम्ही बोलत होतात," मी म्हटलं.

तो उठून दादांच्या पुढ्यात बसला. मग त्यांचा टॉवेल ओढून, त्याखाली हात नीट न झाकताच घालून, अवघडल्यासारखी त्याने त्यांची चार बोटं दाबली. पहाटे चारला निघायचं का, असं विचारत होता.

दादांनी त्याच्या तोंडाकडे बघितलं. त्याचं एक बोट मुडपलं आणि उरलेली तीन घट्ट धरली.

"तीनला," ते म्हणाले. "चारला लय उशीर व्हतो."