मनूच्या कार्डावरचे पैसे

अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घ चुकतील, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. त्यानंतर लिहिणं म्हणजे वाण्याची यादी आणि सही, एवढंच. पण हे मी तोंडाने कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, देवापुढेसुद्धा नीट नाही. आता दमले आहे. म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, ते बरं आहे.

आम्ही मूळचे कराडकडचे. ह्यांची नोकरी चेन्नईजवळ, आवडी नावाच्या गावातल्या कारखान्यात, राहणं क्वार्टरमध्ये. एकच मुलगी, मनाली. आम्ही मनू म्हणतो. ती सातवीत गेली तेव्हा ह्यांनी तिचं बँकेत खातं काढलं. लहान मुलांचं असतं तसं. तिच्या नावाचं कार्ड आलं, निळं, त्यावर मासा. दिवसाला हजाराच्या वर काढता यायचे नाहीत. काढले की मेसेज ह्यांच्या मोबाईलवर. ह्यांना वाटलं तर ते घरी बसून कार्ड बंदही करू शकत. भाऊबीजेचे, वाढदिवसाचे, आजोबांनी हातावर ठेवलेले, सगळे पैसे मनू त्यात टाकायची. शाळेची सहल उटीला जाणार होती. ह्यांनी सांगितलं होतं, तुझी सहल तुझ्या पैशाने. तिला त्याचा केवढा अभिमान!

पैसे काढायचं मशीन कसं चालवायचं ते तिनेच मला शिकवलं. मी नको नको म्हणत होते — मागे रांग असते, लोक बघतात. ती माझ्या पाठीशी आडवी उभी राहिली. "आई, तमिळ नको, इंग्लिश नको, हिंदीचं बटण दाब. अक्षरं आपलीच आहेत." नंबर कानात सांगितला. मला आलं. घरी आल्यावर म्हणाली, "बाबांना आत्ता नको सांगू, एकदम चकित करू." ते राहूनच गेलं.

आता पुढचं.

माझ्या भावाच्या मुलीचं लग्न निघालं. आमच्या गावाकडे आहेर माईकवरून पुकारतात — कोण, कुठले, काय दिलं. आधीच्या लग्नात मी साडी दिली होती. वहिनी सगळ्यांसमोर म्हणाली, "मद्रासची माणसं हो, इडलीवर दिवस काढतात. साडी आणली हेच खूप." सगळ्या हसल्या. मीही हसले. पण ते हसू माझ्या अंगात काट्यासारखं राहिलं. ह्यांना म्हटलं, या खेपेला चांदीचं काहीतरी देऊ. हे म्हणाले, "साडी दे. चांदी कशाला? तुझी वहिनी काय सोन्याची इडली करून घालणार आहे तुला?"

मनूचं कार्ड देव्हाऱ्याच्या खणात असायचं.

तुम्हाला कळलंच असेल. हजार-हजार करून काढले. शाळेला सुट्टी होती, मनू मैत्रिणींकडे खेळायला जायची, मी भाजीला म्हणून निघायचे. मेसेज जातो हे मला माहीत होतं. पण कारखान्यात मोबाईल आत नेऊ देत नाहीत, गेटवर ठेवावा लागतो. संध्याकाळी हातात आला की त्यात पन्नास मेसेज, रिचार्जचे, गॅसचे. हे कुठे एकेक वाचतात? वाचले नाहीत. सात हजार रुपये. बाजारातून चांदीचा करंडा घेतला.

ह्यांना रजा मिळाली नाही. मी आणि मनूच गेलो. माईकवर पुकारलं, "आत्याबाई, चेन्नई, चांदीचा करंडा!" पंगतीतल्या बायकांनी वळून बघितलं. मग कुणीतरी वरण मागितलं आणि त्या परत जेवायला लागल्या. एवढंच. एवढ्यासाठी केलं मी ते. मनू माझ्या शेजारी बसली होती. मला म्हणाली, "आई, तू भारी आहेस!"

शाळा उघडली. सहलीचे पैसे भरायचे दिवस आले. खात्यात पैसे नाहीत म्हटल्यावर ह्यांनी मोबाईलमध्ये खातं उघडलं आणि एकेक ओळ वाचून दाखवली. मी ओट्यापाशी कणीक मळत होते.

"कुठे उडवलेस?"

मनूने नाही म्हणून मान हलवली.

"मग काय तुझी आई गेली होती मशीनवर? मॉलमधला सरकता जिना चढताना देवाचं नाव घेते ती!"

तेव्हा मनूने माझ्याकडे बघितलं. करंडा तिने पाहिला होता. नंबर तिनेच मला सांगितला होता. सगळं तिच्या चेहऱ्यावर उमटताना मला दिसलं. आणि मी — मी काय केलं? कणकेत पाणी घातलं. पाण्याची गरज नव्हती.

मनू म्हणाली, "मैत्रिणींना खाऊ घातलं."

बारा वर्षांची पोर! तिने माझ्यासाठी खोटं बोलावं, आणि मी बोलू द्यावं?

ह्यांनी तिला मारलं नाही. मारलं असतं तर मी तोंड उघडलं असतं, असं मी स्वतःला सांगते. तेही खोटं असेल. त्यांनी तिच्यासमोर मोबाईलवर बोट फिरवलं आणि कार्ड बंद केलं. म्हणाले, आता पेन्सिल हवी असली तरी मागून घ्यायची, बिल दाखवायचं. आणि सहल नाही.

मला कशाची भीती होती? हे तसे मारकुटे नाहीत. चार दिवस बोलले असते, मग विसरले असते. पण घरात मी साधी होते. हिला काही येत नाही, हिच्या मनात काही नसतं — ते नाव मला सोडवलं नाही. मुलीचं नाव गेलं ते चाललं.

वर्ग उटीला गेला. मनू घरी. मी पुरणपोळ्या केल्या. तिने खाल्ल्या, ताट घासून ठेवलं, माझ्याबरोबर कपड्यांच्या घड्या घातल्या. तोपर्यंत बाहेर सगळ्यांशी तमिळ आणि माझ्याशी मराठी, असं तिचं होतं. त्यानंतर मी काहीही म्हटलं की "सरि मा". म्हणजे, बरं आई. बरं आई, एवढंच. भांडली असती तर बरं झालं असतं.

किती वर्षं ह्यांनी तिला बिलं मागितली! पाहुण्यांसमोरसुद्धा हसत सांगायचे, "आमच्या मनूच्या हातात पैसा देऊ नका, सगळ्या वर्गाला जेवण घालते." पाहुणे हसायचे. मी चहा द्यायचे.

ती अठराची झाली, खातं तिच्या एकटीचं झालं, ती कोइमतूरला कॉलेजात गेली. इथे जवळच अंबत्तूरला आपल्याकडची मुलं नोकरीला आहेत, त्यांना मी चपाती-भाजीचे डबे देते. त्या पैशातले थोडे थोडे बाजूला काढून मी तिच्या खात्यात भरायला लागले. पहिल्यांदा भरले तेव्हा तिचा फोन आला.

"आई, बाबांनी पैसे टाकलेत का?"

सांगता आलं असतं. घरात कुणी नव्हतं. मी म्हटलं, "हो."

ती मग म्हणाली, "सरि मा." त्यानंतर भरत राहिले, तिने कधी विचारलं नाही.

ह्यांना अजून काही माहीत नाही. परवा बँकेत जाऊन शेवटचे पाचशे भरले. सात हजार पूर्ण झाले.